खुटबावच्या फियाटचा डावा मडगार्ड

भिंतीवर टांगलेला हा पत्रा बोलतोय. भंगार म्हणू नका. मी जुन्या फियाटचा पुढचा डावा मडगार्ड आहे आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही.

खुटबावच्या संपतआप्पांची ती गाडी. अडलेल्या बाया दौंडच्या दवाखान्यात आम्हीच पोचवल्या. पुढं उजवा मडगार्ड गंजून गळला. गाडी बनायची कधीच बंद झालेली, नवा मिळेना. दौंडचा गॅरेजवाला भैरू म्हणाला, "आप्पा, डावा नमुन्याला द्या. माप उलटं घिऊन उजवा ठोकतो."

त्यानं माझ्यावरून साचा काढला. पातळ पत्र्याच्या नकला, वर लांबी म्हणजे पुट्टी थापून, 'कंपनीचा माल' म्हणून विकल्या. आप्पा आले तर म्हणाला, "तुमचा सडका व्हता, भंगारात गेला." मी मागंच पोत्याखाली होतो! ऐकत होतो. ओरडता येत नव्हतं.

गाडी तशीच उघडी राहिली आणि आप्पा गेले.

त्यांची लेक सुषमा पाबळला पत्र्याचं काम शिकली. वडगाव रासाईत तिनं शेड टाकलं. एक दिवस ती भैरूकडं गेली. त्यानं तिला ओळखलं नाही.

"डावा पायजे, अस्सल."

भैरूनं हौसेनं मलाच बाहेर काढलं. तिनं मला उलटं केलं. आतल्या पितळेच्या ठिगळावर बोट फिरवलं.

"ह्ये ठिगळ माझ्या बापानं मारलंय. मी बत्ती धरून हुते."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. भैरू कुजबुजला, "घिऊन जा बाई, मिटव."

"नेते. मिटवत न्हाई."

माझ्यावरून तिनं डाव्याचा आणि माप उलटं घेऊन उजव्याचा लाकडी साचा केला आणि जाड पत्रा हातानं ठोकला. पहिली जोडी आप्पांच्या गाडीला लावली, मला नमुना म्हणून इथं टांगलं. आता लोक कोल्हापूरहून येतात. भैरूच्या नकला कुणी घेत नाही. मला फार बरं वाटतं.

गेल्या महिन्यात तोच आला. गिऱ्हाइकाच्या गाडीला उजवा हवा होता.

"सगळ्यांना दीन, भैरूमामा. तुमाला न्हाई."

तो मान खाली घालून गेला. सुषमा मात्र त्या दिवशी जेवली नाही. आई विठाबाई म्हणाली, "म्हातारा झालाय गं. दिऊन टाक."

काल तिनं उजव्यासाठी पत्रा कापायला घेतला. कुणासाठी, ते बोलली नाही.

सुषमे, तू माणूस आहेस, तुला दया येणार. मी पत्रा आहे. माझं ऐक, त्याला देऊ नकोस.