पडद्यावरचा आकडा

लसादने तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा हम्मादीच्या कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. सामना ऐन रंगात आला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात, गोलपोस्टच्या जरा वर, बारीक पांढरे अंक उमटले. पापणी लवेपर्यंत राहिले आणि गेले.

"अरे, लॉटरी लागली रे कुणाला तरी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"लसादचा फोन नंबर असणार," हुक्क्याचे निखारे सारखे करत हम्मादी म्हणाला. "आता जाहिरातपण करायला लागला लेकाचा!"

सगळे हसले. लसादही हसला, पण ओठांपर्यंत नेलेला चहा त्याने तसाच खाली ठेवला.

स्फाक्स शहरातल्या त्या वस्तीत डिश बसवायचं, दुरुस्त करायचं काम लसाद करी. सामने आणि मालिका दाखवणाऱ्या वाहिनीची वर्गणी भरणं तिथल्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून लसादने दुकानामागच्या खोलीत वाहिनीची एक रीतसर पेटी, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, आणून ठेवली होती. चित्रावरचं कुलूप तोडणारं एक छोटं यंत्र तिला जोडलं होतं, आणि तिथून ते चित्र इंटरनेटवरून घराघरांत जात होतं. म्हाताऱ्या बायका त्याला दुवा देत. कुणी चोरी म्हटलंच तर तो म्हणे, "हवेतून येतंय ते. हवा काय त्यांच्या बापाची?"

पण तो आकडा गमतीचा नव्हता. प्रत्येक पेटीला आपला क्रमांक असतो, आणि वाहिनीवाले मनात येईल तेव्हा तो तिच्या चित्रावर उमटवू शकतात. रीतसर घरात तो एका घराला दिसतो. चोरीच्या लाइनवर तो सगळ्या वस्तीला दिसतो, आणि त्या वस्तीत वाहिनीचा एखादा माणूस बसलेला असला की काम झालं. पेटी कुणाची ते त्याला घरबसल्या कळतं.

ती पेटी लसादच्या नावावर नव्हती. त्याच्या सासऱ्यांच्या, सी शादलींच्या नावावर होती. 'सी' म्हणजे तिकडचं आदराचं 'राव'.

सी शादलींनी उभी हयात शाळेत अरबी शिकवण्यात घालवली होती. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराला ते वर्षभर घरी बसवत, मग तो कुणाचाही असो. ईदेला लसादने त्यांच्या नावावर वाहिनी घेऊन दिली, तेव्हा दुसऱ्या खोलीसाठी म्हणून एक जादा पेटी मिळाली. ती त्याने परस्पर दुकानात नेली. म्हाताऱ्याने सही करताना कागदावर नजरही टाकली नव्हती. "जावयाने आणलंय," ते म्हणाले होते, "त्यात काय वाचायचं?"

पुढच्या सामन्याला लसादने चित्राच्या त्या कोपऱ्यावर काळी पट्टी चढवली. आकडा मैदानाच्या मधोमध, पळणाऱ्या खेळाडूच्या पाठीवर उमटला. त्याने अंक दिसताक्षणी तेवढी जागा धूसर होईल अशी सोय केली. त्यानंतर आकडा यायचा बंद झाला. लोक विसरले. लसाद मात्र प्रत्येक सामना पडद्याच्या कडा न्याहाळत बघे. गोल कुणी केला ते त्याला दुसऱ्याला विचारावं लागे.

"हल्ली झोपेत दात खातोस," त्याची बायको नाइला म्हणाली. तिला सातवा महिना लागला होता. "खरं सांग, ती पेटी कुणाच्या नावावर आहे?"

"आहे एका गिऱ्हाइकाच्या."

"कुठल्या?"

"तू ओळखत नाहीस त्याला," लसाद म्हणाला आणि सिगारेट आणायच्या निमित्ताने बाहेर पडला.

त्याच सुमारास एमना नावाची एक बाई दुकानात आली. चाळिशीची, मऊ बोलणारी. आईला मालिका बघायच्या असतात, लाइन जोडून द्याल का म्हणाली. जाताना मक्रूद या खजुराच्या मिठाईचा डबा ठेवून गेली. पुढे ती अधूनमधून येई, आईची खबर सांगे. एकदा दारातूनच वळून म्हणाली, "चित्र फार स्वच्छ असतं हो तुमचं. मध्ये काही अंकबिंक येत होते म्हणे?"

"कसले अंक?"

"शेजारीण सांगत होती. मला कुठलं त्यातलं कळतंय!" ती हसली आणि गेली.

लसाद मागच्या खोलीत जाऊन पेटीसमोर उभा राहिला. हात लांब करून वायर उपटली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. पण रविवारी अंतिम सामना होता. हम्मादीने लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या मागवल्या होत्या, वस्ती नुसती उतावीळ झाली होती. एवढा एक सामना होऊ दे, त्याने स्वतःला बजावलं.

रविवारी दुपारी मध्यंतर झालं आणि नाइलाचा फोन आला.

"मी बाबांकडे आहे. कुणीतरी आलंय इथे. तुला बोलावलंय."

"कोण आलंय?"

"तू ये आधी," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

सी शादलींच्या बैठकीत टीव्ही चालू होता, पण पडदा काळा होता; वाहिनीने चित्र तोडलं होतं. गादीवर साध्या कपड्यातला एक पोलीस अधिकारी बसला होता आणि त्याच्या शेजारी एमना. दोघांपुढे बदाम घातलेला चहा होता. त्यांनी तो प्यायलेला नव्हता.

"या सी लसाद," एमना म्हणाली. दुकानात बोलायची तशीच मऊ बोलली. "तुम्ही अंक पुसलेत, काम छान केलंत. आम्ही मग अंक टाकणं सोडून दिलं. चित्राच्या रंगातच खूण मिसळायला लागलो. माणसाला ती दिसत नाही. आईच्या टीव्हीवर मला रोज मिळत होती."

अधिकारी म्हाताऱ्याकडे वळला. "सर, माझ्या धाकट्या भावाला तुम्ही शिकवलंय. कॉपी केली म्हणून वर्षभर घरी बसवला होतात. म्हणून मी गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आलो. आता एवढंच सांगा, तुमच्या नावावरची दुसरी पेटी कुठे आहे?"

सी शादलींनी लसादकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. उत्तरपत्रिका हातात घेऊन पोराकडे बघावं तसे ते बघत होते. मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे नाइला पोटाखाली हात धरून उभी होती.

"दुकानामागच्या खोलीत आहे," ते म्हणाले. "ती खोली मी जावयाकडून वापरायला घेतलीय. पेटी मी लावली. त्याचा काही संबंध नाही."

"तुम्ही? वस्तीभर चित्र पाठवत होता तुम्ही?"

"शिकलो."

"सर, तुम्हाला साधा रिमोट…"

"शिकलो म्हटलं ना!" म्हाताऱ्याचा आवाज वर्गात चढावा तसा चढला.

एमना लसादकडे बघत होती. "तुम्हाला काही सांगायचंय?"

लसादचं तोंड उघडलं. बाहेर मध्यंतर संपूनही चित्र आलं नसावं, कारण कॅफेच्या दिशेने आरडाओरडा ऐकू आला. "नाही," तो म्हणाला.

त्यांनी म्हाताऱ्याला नेलं. जाताना सी शादलींनी आरशात बघून डोक्यावरची लाल टोपी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लसाद ठाण्यात गेला आणि सगळं माझंच आहे म्हणाला. अधिकाऱ्याने उठून दार लोटलं.

"काल का गप्प बसलास?"

उत्तराची वाट न बघता तो दाराला टेकून पुढे म्हणाला,

"आता जबाब झालाय, सही झालीय. तू आज खरं बोललास तर सरांनी पोलिसांना खोटा जबाब दिला असं होतं. मग एकाच्या जागी दोघं आत. तुझ्या बायकोकडे बघायला कोण राहील?" त्याने दार पुन्हा उघडलं. "जा. घरी जा."

खटला महिनोन्‌महिने चालला नाही. वयाकडे बघून न्यायाधीशाने शिक्षा स्थगित ठेवली, दंड केला. पण नाव पेपरात आलं. अरबी शिकायला घरी येणारी मुलं एकेक करून यायची थांबली. मशिदीच्या वाटेवर जुने विद्यार्थी सलाम करत, पण थांबत नसत. सी शादली वाटेत तेवढेच ताठ चालत.

लसादला त्यांनी तोडलं नाही. शुक्रवारी जेवायला बोलावत, माशाचा चांगला तुकडा स्वतः त्याच्या ताटात वाढत. "सी शादली, मी…" असं त्याने एकदा सुरू केलं, तर ते म्हणाले, "जेव." तेवढंच.

"बाबांनी मला वाचवलं," नाइला घरी परतताना म्हणाली. "तुला नाही. कधी मनात आणू नकोस तसं." त्या दिवसापासून ती पाठ करून झोपायची.

मुलगा झाला तेव्हा सी शादली इस्पितळात आले. बाळाच्या कानात अजान म्हटली, कपाळाचा मुका घेतला. मग ते बाळ त्यांनी लसादच्या हातात दिलं आणि त्याच्याजवळ वाकून हळू बोलले, नाइलाला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"शाळेत जायला लागला की हा ऐकेल. आजोबा चोर होते म्हणून कुणीतरी सांगेलच याला. मग विचारेल." त्यांनी बाळाचं दुपटं नीट केलं. "माझ्याकडे पाठवायचं नाही. उत्तर तू द्यायचंस."

ते काठी टेकत बाहेर गेले. बाळाने डोळे उघडले होते आणि ते लसादच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.