कडी कुठून लावू?

मित्रांनो, रोज तुम्ही कितीतरी दारे उघडता आणि लावता. पण हात कशावर पडतो, तिकडे कधी पाहता का? मी एक जुनी कडी आहे. वीतभर लांब, जराशी वाकलेली आणि कुरकुरण्याची खोड असलेली. शाळेच्या मागच्या कोपऱ्यात, मुलींच्या संडासाच्या दारावर माझा मुक्काम असतो. नाक मुरडू नका! मी जे राखले आहे, ते कुठल्या तिजोरीच्या कुलपानेही राखले नसेल.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. मोडक्या फाटकाचा एक गज त्याने तापवला, ठोकला, पुन्हा तापवला आणि मला घडवले. माझ्याबरोबर कोयंडाही केला. तेव्हापासून आमची जोडी आहे. तो एक शब्द बोलत नाही आणि मी दिवसभर कुरकुरते, त्यामुळे संसार सुरळीत चालतो.

पुढे शाळेत नवा संडास बांधला गेला. पांढऱ्या फरशा, हिरवे दार, बाजूला पाण्याची टाकी. सुताराने मला हातात धरून शाळेच्या शिपायाला विचारले, "मामा, कडी कुठून लावू? आतून की बाहेरून?"

"बाहेरूनच लाव की," मामा म्हणाले, "नाहीतर कुत्री शिरतील."

एवढ्या एका वाक्यावर माझे नशीब ठरले. आतून दुसरी कडी लावावी, हे कोणाच्या डोक्यातही आले नाही.

मग माझ्या गळ्यात कुलूप आले. मामा मनाने वाईट नव्हते. शाळेवर त्यांचा भारी जीव. नव्या फरशीवर डाग पडू नये म्हणून त्यांनी किल्ली कमरेला खोचली ती खोचलीच. तपासणीला साहेब आले की तेवढे दार उघडायचे. साहेब आत डोकावत आणि म्हणत, "वा! काय स्वच्छता आहे!" असणारच. आत माणसाचे पाऊलच पडत नव्हते. आत होते झाडू, मोडका फळा आणि 'आमची शाळा, स्वच्छ शाळा' असे लिहिलेले कापड. ते कौतुक ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

मुली माझ्यासमोरून पुढे निघून जात. "बाई, बाहेर जाऊन येऊ?" असे विचारून त्या खरोखरच बाहेर जात, कुंपणापलीकडे, झुडपांच्या मागे. मोठ्या मुलींनी तर यावर भलताच उपाय काढला होता. त्या दिवसभर पाणीच पीत नसत. वर्गाबाहेर पिण्याच्या पाण्याचे पिंप भरलेले असे. मुलगे त्यावर तुटून पडत आणि या त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

त्यांच्यात एक टिटवी होती. आवाज असा की साऱ्या शाळेने मिळून तिला हे नाव दिले होते. तिची मावशी सायकली दुरुस्त करायची, आणि टिटवी तिच्या दुकानात पाने-स्क्रू हाताळत मोठी झाली होती. यंत्रे बनवायला शिकायचे, हे तिने ठरवून टाकले होते. आईने मात्र बजावले होते, "झुडपाआड जायला तू आता लहान नाहीस. हे वर्ष झालं की शाळा पुरे." टिटवीला शाळा सोडायची नव्हती, म्हणून तिने पाणी सोडले होते.

एका दुपारी कवायत करताना ती भर उन्हात कोसळली. नव्याने आलेल्या बाईंनी तिला सावलीत नेले, तोंडावर पाणी मारले.

"सकाळपासून पाणी प्यायलीस का गं?"

"नाही."

"का?"

"पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, बाई."

बाई तडक उठल्या आणि त्यांनी मामांपुढे हात केला. "किल्ली द्या."

"अहो बाई, घाण होईल!"

"होऊ दे. धुऊ आपण. त्यासाठीच बांधलाय तो."

झाडू निघाले, फळा निघाला, बादल्या भरल्या गेल्या. मला वाटले, आता माझे दिवस पालटले. पण मी तर दाराच्या बाहेर! म्हणून एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेरून दार धरायचे, अशी रीत पडली. एके दिवशी टिटवी आत होती. दार धरणारी मैत्रीण बादली भरायला टाकीमागे गेली, तेवढ्यात मामा तिथून चालले होते. मी मोकळी लोंबताना दिसले आणि वर्षानुवर्षांची सवय हाताला आली. त्यांनी मला कोयंड्यात अडकवले, खिशातले कुलूप घातले आणि गुणगुणत निघून गेले.

टिटवीने आतून दारावर धडाधडा हात मारले. तिची मूठ माझ्या पाठीवर बसत होती आणि मला हलता येत नव्हते. मी लोखंडाची, पण त्या क्षणी वितळून जावेसे वाटले. अखेर तिचा तो प्रसिद्ध आवाज कामी आला. बाई आल्या, मागून मामा धावत आले. त्यांनी घाईघाईने कुलूप काढले. "पोरी, चुकलं गं माझं," एवढेच ते म्हणाले. टिटवी रडली नाही. पण बातमी तिच्याआधी घरी पोचली. "उद्याच येते आणि नाव काढते," असे आईने सांगितल्याचे मी मुलींच्या कुजबुजीतून ऐकले.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच टिटवी माझ्यासमोर उभी राहिली. हातात मावशीचा स्क्रू ड्रायव्हर. गंजलेले स्क्रू हटून बसले होते, पण तीही हट्टी. तिने मला आणि माझ्या मुक्या जोडीदाराला उतरवले. एवढ्यात मामा आले. आता ओरडणार, असे मला वाटले. मामा दार घट्ट धरून उभे राहिले. "कोयंडा सरळ धर गं, नाहीतर बसायची नाही." अशी मी पहिल्यांदा आत आले.

थोड्या वेळाने आई आली, पदर खोचून, भांडायच्या तयारीने. टिटवीने वाद घातला नाही.

"आई, आधी आत जाऊन ये."

"कुठे?"

"आत."

आईने दार लोटले आणि मला अडकवले. दार ओढून पाहिले. मला काढले, पुन्हा अडकवले. मग ती माझ्यावर तळवा ठेवून नुसती उभी राहिली. जन्मभर उजाडायच्या आत उघड्यावर, कोणी येईल का या धास्तीने उठत-बसत आलेली बाई होती ती. तिचा श्वास हळूहळू शांत होताना मला ऐकू आला.

बाहेर येऊन तिने हात धुतले, पिंपातून पेला भरला आणि लेकीपुढे धरला. "पी. सगळं पी."

नाव काढायचा विषय तिने काढलाच नाही.

टिटवी पुढे शिकायला गेली. तिच्या आईने लोहाराकडून माझ्यासारखीच एक कडी घरच्या नव्या संडासासाठी घडवून घेतली. इथल्या मुली आता "बाई, आत जाऊन येऊ?" असे विचारतात. नव्या माणसाला हसू येते, पण मला फार बरे वाटते.

मित्रांनो, आता माझा एक स्क्रू गळाला आहे. त्या जागी खिळा ठोका आणि अधूनमधून तेलाचा थेंब घाला. मी इतक्यात थकणार नाही. जगात अजून कितीतरी मुली दिवसभर तहानलेल्या बसतात. तुम्ही मोठे व्हाल, दारे बांधाल. तेव्हा कोणी विचारेल, "कडी कुठून लावू?" घाईने उत्तर देऊ नका. आधी विचारा, आत कोण असणार आहे?