चहा देणारा खुनी

शाळेच्या प्रकल्पासाठी केलेली आमच्या थरारपटाची सुरुवात जेमतेम दोन मिनिटांची होती. ती निम्मी व्हायच्या आतच वर्ग खिदळायला लागला.

खुनी म्हणजे माझे आजोबा, अर्नोल्ड. अख्ख्या फ्लीटवुड गावाला त्यांनी बस चालवून फिरवलंय. आता निवृत्त. आम्ही त्यांना काळा मुखवटा, रबरी हातमोजे आणि मासे कापायची सुरी दिली होती. गॅरेजमध्ये खुर्चीला बांधलेला माझा मित्र कॉर्बिन कण्हत होता, धूर सोडला होता, वर कानठळ्या बसवणारं संगीत. आजोबा मुखवटा काढतात, आणि त्यांचा तो गुबगुबीत, प्रेमळ चेहरा पडदाभर दिसतो.

"अगं, हे खून कसला करतायत? बिस्किटं आणून देतील!" वर्गातली लोटी ओरडली.

"आणि कॉर्बिन, तू हसत का होतास रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी कण्हत होतो!"

"मग बत्तिशी कशाला दाखवलीस?"

हसणं ओसरल्यावर आमच्या बाई, मिसेस हॅडली, म्हणाल्या, "थिया, मुखवटा, सुरी, धूर, दोरी... तुम्ही सगळं दुकानच मांडलंत की. माझ्या भीतीला बसायला जागा कुठे ठेवलीत?"

घरी जाताना कॉर्बिन म्हणाला, "तुझ्या आजोबांना काढू या. माझा मावसभाऊ घेऊ. दार अडवून उभा राहिला तर सूर्य दिसत नाही."

मला रागही आला आणि पटलंही. पण सांगायचं कसं? आम्ही घरात शिरलो तर आजोबा आरशासमोर भुवया आक्रसून बघत होते. "आता बघ, आता जमतंय," म्हणाले. मग मी सांगूनच टाकलं की वर्ग हसला.

त्यांनी भुवया सैल सोडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाले, "दमला असाल पोरांनो. बसा, चहा टाकतो." किटली चढवली, कप मांडले आणि आमच्याकडे बघून गोड हसले.

कॉर्बिन खुर्चीवरून ताडकन उठला. "आजोबा, हेच परत करा! अगदी असंच! फक्त समजा, माडीवर कुणीतरी कोंडलेलं आहे."

पुढच्या शनिवारी आम्ही स्वयंपाकघरातच चित्रण केलं. सुरी नाही, धूर नाही. आजोबा ट्रेमध्ये दोन कप ठेवतात. वरून धप्प असा आवाज येतो. ते वर बघतही नाहीत, साखर ढवळत राहतात. पुन्हा धप्प. ते रेडिओ जरा मोठा करतात. मग ट्रे उचलून जिना चढतात आणि एप्रनच्या खिशातून किल्ली काढतात.

धप्प करायला कॉर्बिन वर बूट आपटत होता. एकदा इतका जोर लावला की छताचा गिलावा थेट साखरेच्या भांड्यात पडला. "कलाकाराला आवरा!" आजोबा खालून ओरडले. ते चित्रण वाया गेलं, पण तेव्हाइतके आम्ही त्या महिन्यात हसलो नव्हतो.

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. किल्ली दिसली तेव्हा लोटीनं शेजारणीचा दंड धरला होता. "मी तुझ्या घरी चहाला येणार नाही बाई," ती मला म्हणाली. मिसेस हॅडलींनी एकच सुचवलं: चित्रपटाचं नाव आधी नको, कुलूप उघडल्याचा आवाज झाल्यावर येऊ दे. आम्ही ते केलं आणि काम देऊन टाकलं.

आजोबांना मी ते माझ्या लॅपटॉपवर दाखवलं. ते पुढे सरकून बघत होते, बोटं गुडघ्यावर घट्ट. पडदा काळा झाला.

"मग? वर कोण आहे?"

"माहीत नाही, आजोबा. आम्हाला फक्त सुरुवातच करायची होती."

"माहीत नाही?" ते उखडले. "अगं, मी त्याला चहा घेऊन गेलोय!"