काकांनी चहा सोडला

शाळेच्या प्रयोगशाळेत अडतीस वर्षं सहायक म्हणून काढलेल्या काकांनी तीन आठवड्यांपासून बाहेर चहा घेणं सोडलं होतं. दिवसाला सहा कप रिचवणारा माणूस एकाएकी असा विरक्त झाला, की घरच्यांनी धास्तावायला हवं. काकू धास्तावल्या नाहीत, त्यांना कारण ठाऊक होतं. हल्ली काकांचे हात थरथरत, कप घेतला की बशी वाजे, आणि तो आवाज काकांना कार्यक्रमाला बोलावणाऱ्या संग्रहालयातल्या बाईंनी ऐकला असता तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

पन्नास वर्षांपूर्वी शहरातली केस वाढवलेली पोरं लेथच्या कारखान्यावरच्या माळ्यावर जमत. खेड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून शिकून आणलेली गाणी विजेच्या गिटारवर वाजवत. युद्ध नको, नोकरी नको, घरदार नको असं बजावून सांगत आणि जेवायला मात्र वेळेवर आईकडे जात. त्यांच्या मागच्या भिंतीवर काका रंग नाचवत. भिंतीवरच्या घड्याळांच्या दोन फुगीर काचा एकीत एक ठेवायच्या, मधे पाणी, तेल आणि शाई, खालून उजेड फेकणारा शाळेचा प्रोजेक्टर. वरची काच बोटांनी ठेक्यावर हलवली की भिंतभर निळे-तांबडे फुगे श्वास घेऊ लागत. बघणाऱ्यांची समाधी लागे. काहींची ती आधीच लागलेली असे, पण ते असो. प्रोजेक्टर शनिवारी गुपचूप यायचा आणि सोमवारी शाळा भरायच्या आत परत जायचा. एकदा त्याच्यावर हिरवा डाग राहिला आणि मुख्याध्यापकांचे अपूर्णांक दिवसभर शेवाळलेले दिसले.

आता संग्रहालयाने त्या दिवसांचं प्रदर्शन मांडलं होतं. उद्घाटनाला त्या माळ्यावरचंच एक गाणं, तिथलीच गायिका आणि जमले तर तेच रंग. "नाहीतर संगणकावरून सोडू की, काका," असं बाई अगदी मायेने म्हणाल्या होत्या. ती माया काकांना काट्यासारखी टोचली. तेव्हापासून त्यांचे हात खिशात. काकूंनी सुचवून पाहिलं की मी शेजारी बसते, मनगट धरते. त्यावर काका दोन दिवस भिंतीशी बोलले.

आदल्या दिवशी फक्त गाण्याची तालीम होती, तिला गायिका आली. ती आता चष्म्याच्या दुकानाची मालकीण आणि तीन नातवंडांची आजी, पण जीभ तीच. काकांचे रंग ठेक्याच्या मागे राहतात म्हणून तिने त्या काळी त्यांना भर कार्यक्रमात झापलं होतं. चहा आला, काकांनी मान हलवली, आणि तिने चष्म्यावरून पाहिलं.

"तू आणि चहाला नाही? हात काढ बघू खिशातून."

काकांनी हात काढले. तिने ते नीट पाहून घेतले. संग्रहालयातल्या बाई दाराशीच होत्या, म्हणून की काय, तिने आवाज खाली आणला.

"उद्या वेळेवर ये. नेहमी मागे राहतोस तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला काळे पडदे ओढले गेले. काकूंनी देवाला सांगून ठेवलं होतं की कायमचं काही मागत नाही, एवढं एक गाणं त्यांचे हात थांबव. काकांनी प्रोजेक्टरला नमस्कार केला आणि काचेवर बोटं टेकवली.

गाणं विहिरीवरचं, संथ. हात मात्र संथ नव्हते. काच कडकड वाजू लागली, फुगे फुटले आणि भिंतीवर रंगांचे बारीक मणी सैरावैरा धावत सुटले. बाईंचा हात संगणकाकडे सरकला. काकांनी ते पाहिलं आणि बोटं उचलायला घेतली.

गायिका गाताना कधीच मागे वळत नसे. आज वळली. दोन ओळी तिने नुसती भिंत पाहिली, मग हातातल्या खंजिरीवरचा ठेका दुप्पट केला आणि त्या मण्यांच्या मागे गाणं पळवलं. बँकेतून निवृत्त झालेला गिटारवाला ओळभर हरवला, मग धापा टाकत येऊन मिळाला. बोटं काचेवरच राहिली. बाईंचा हात आपोआप ठेका धरू लागला.

देवाने काकूंचं ऐकलं म्हणायचं, फक्त काकांचे हात न थांबवता त्याने गायिकेची मान वळवली.

टाळ्या ओसरल्यावर गायिका कपाळ पुसत आली. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा पुढे होतास. दमवलंस मेल्या."

चहा फिरत होता. काकांनी न विचारता कप उचलला, बाईंच्या देखत, बशी खणखणवत. अर्धा बशीत गेला, थोडा नव्या सदऱ्यावर.

काकूंनी डागाकडे पाहिलं. "अहो, रंग भिंतीवर टाकायचे होते."

काकांनी दुसरा कप मागितला.