खात्रीचा तुकडा

लॅबमधल्या यंत्राच्या पात्याखालून मेणाची फीत सुटून आली, तशी तिने ती ब्रशच्या टोकाने उचलली आणि कोमट पाण्यावर सोडली. सुरकुत्या हळूहळू पसरल्या. काचेची स्लाइड तिच्याखाली सरकवणार, एवढ्यात स्टोअरमधला माणूस दारात येऊन उभा राहिला.

"ताई, एकजण मुलीचा ब्लॉक न्यायला आलेत. सगळे कप्पे पालथे घातले, सापडत नाही."

पेशंटच्या शरीरातून काढलेला कण मेणात बसवून त्याचा ब्लॉक लॅब वर्षानुवर्षं जपून ठेवते, हे बहुतेक घरांना ठाऊक नसे. यंदा जुने ब्लॉक निकालात काढायचे ठरले, नातेवाइकांना तसं कळवलं गेलं, आणि अधूनमधून कुणी न्यायला येऊ लागलं.

"नंबर काय?"

त्याने सांगितला. तिने पात्यासमोर चापात बसवलेल्या ब्लॉककडे पाहिलं.

"त्यांना आतच पाठव."

आला तो साठीपुढचा रंगारी होता. नखांच्या कडेला पांढरा रंग कायमचा मुरलेला. कशाला धक्का लागू नये म्हणून हात अंगाशी धरून उभा राहिला.

"काका, ब्लॉक इथेच आहे," ती म्हणाली. "पण थोडाच उरलाय. आम्ही तो वापरत होतो. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"वापरत म्हणजे?"

"पेशंटच्या स्लाइडवर, कडेला, याचा एक पापुद्रा ठेवतो. आधी हा रंगला की नाही ते बघायचं. हा रंगला तरच शेजारच्याचा निकाल खरा धरायचा. खात्रीचा तुकडा म्हणतो आम्ही."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे आमची धाकटी रोज कामाला येते म्हणायची," तो म्हणाला आणि हसला. हसू ओठांवरच राहिलं.

त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, असं वाटून तिने विचारलं, "बघायचंय?"

तो मायक्रोस्कोपपाशी बसला. तिने सकाळी रंगवलेली स्लाइड लावून दिली. डोळा जुळायला त्याला वेळ लागला.

"जाळी दिसतेय. तपकिरी, पोळ्यासारखी."

"तेच. अँटिबॉडी एका ठरावीक प्रोटीनला जाऊन चिकटते, तिथेच रंग धरतो. पण त्याआधी एक द्रव घालून बाकीची जागा झाकून टाकावी लागते. नाहीतर रंग वाटेल तिथे बसतो."

"अस्तर मारता म्हणा की."

"अस्तरच."

"आणि ते प्रोटीन असलं, तर काय होतं?"

"गाठ झपाट्याने वाढते. पण त्यावर औषध आहे. रंग लागला की डॉक्टर ते सुरू करतात."

"हां, ते सांगितलं होतं आम्हाला," तो डोळा न काढता म्हणाला. "औषध आहे, पण हिच्या गाठीत ते नाहीच, तर देऊन उपयोग नाही. इथलाच रिपोर्ट होता."

तिचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

नवी अँटिबॉडी आली तेव्हा पारखायला म्हणून चार जुने ब्लॉक काढले होते. हा सगळ्यांत गडद रंगला, म्हणून हाच ठेवून घेतला. त्याचा जुना रिपोर्ट कुणी उघडला नव्हता, तिनेही नाही. आणि ती मुलगी आजारी होती त्या काळात स्लाइडवर खात्रीचा तुकडा ठेवायची पद्धतच नव्हती.

तिची बोटं मायक्रोस्कोपच्या दिव्याच्या बटणाकडे गेली. उजेड बंद केला असता, ब्लॉक हातात दिला असता, तर तो आभार मानून गेला असता. तिने हात मागे घेतला.

"काका, तुम्ही बघताय तो तिचाच तुकडा आहे."

"हो ना."

मग त्याने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला, बराच वेळ.

"पण हा तर रंगलाय."

"हो."

"मग तेव्हा?"

"तेव्हा लागला नाही. झाकायचा द्रव जास्त झाला असेल, नाहीतर अँटिबॉडी कमी पडली असेल. आता सांगता येणार नाही. पण रिपोर्ट चुकला होता. आजच साहेबांना सांगते. ही स्लाइड मी ठेवून घेते, ती पुरावा म्हणून लागेल."

"वाचली असती?"

"तसं म्हणवत नाही. काही वर्षं मिळाली असती कदाचित. सगळ्यांना मिळतातच असं नाही."

"काही वर्षं," तो म्हणाला.

तिने चाप सैल केला, ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत घातला. त्याने डबी घेतली.

"खाली हिची आई बसलीये," तो म्हणाला. "तुम्ही चला बरोबर. मला एकट्याला जमायचं नाही."

दाराजवळच्या बाकावर एक बारीकशी बाई पिशवी मांडीवर धरून बसली होती. तिने डबी घेतली, उघडली, कापूस बाजूला केला.

"एवढीशीच?"

"काकू, मला तुम्हाला एक..."

रंगाऱ्याने हात आडवा केला.

"तू म्हणत होतीस ते बरोबर होतं," तो बायकोला म्हणाला. "दुसरीकडे दाखवायला हवं होतं. मी अडून बसलो, रिपोर्ट आहे ना म्हणून. रिपोर्टच चुकला होता. औषध लागू पडण्यासारखं होतं."

"यांची चूक नाही, काकू. आमची आहे."

बाईने कापूस होता तसा घातला, डबीचं झाकण लावलं. लागलेलं झाकण पुन्हा दाबून पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"ऊठसूट यांना तेच ऐकवत आले मी," बाई तिला म्हणाली. "जेवताना, झोपताना. दुसरीकडे न्यायला हवं होतं, दुसरीकडे न्यायला हवं होतं. आणि मनातून म्हणायची, देवा, माझं म्हणणं खोटंच असू दे."