गुब्बीचं पाणी

पार्सल हातात घेतलं की मला त्याचं वजन कळतं. काटा नंतर सांगतो, मी आधी. अकरा वर्षं कुरियरच्या काउंटरवर उभी आहे, दिवसाला दोनशेच्या वर पार्सलं हातांखालून जातात, त्यामुळे यात कौतुकाचं काही नाही. टाचा दुखतात, तसंच हेही नोकरीबरोबर आलेलं. लोक मात्र गंमत म्हणून विचारतात, "सांगा बघू, किती भरेल?" संध्याकाळी सहा वाजता कुणी असं विचारलं की त्या माणसालाच उचलून काट्यावर बसवावंसं वाटतं.

आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांत एक रोपवाली आहे. जाड, रसरशीत पानांची झाडं वाढवते आणि खोक्यांत भरून गावोगावी पाठवते. सक्युलंट म्हणतात त्यांना. पाठवायच्या आधी ती त्यांना पंधरा दिवस कोरडं ठेवते, कारण ओल्या मातीचं झाड खोक्यात कुजतं. झाडाला पाणी कसं घालायचं ते मला तिनेच शिकवलं.

"रोज घोट घोट पाजायचं नाही," ती म्हणाली होती. "कुंडी उचलायची. हलकी लागली, बोट खुपसल्यावर आतपर्यंत माती कोरडी लागली, तरच घालायचं. आणि घालायचं तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत घालायचं. पानांवर नाही हं, मातीत. ताटलीत साचेल ते फेकून द्यायचं. आणि मग विसरून जायचं."

"कधीपर्यंत?"

"कुंडी परत हलकी होईपर्यंत. तुला काय गं, तुझे हातच काटा आहेत."

विसरून जायचं, ही सूचना मला फार आवडली. माझ्या अख्ख्या दिवसात विसरलं तर चालेल असं तेवढं एकच काम होतं.

घरात मी आणि माझे सासरे, बाबा. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातले चार दिवस घरी असतो आणि त्यातले तीन झोपतो. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं. त्यांनी एका पानापासून वाढवलेलं एक झाड बाबांच्या पलंगाशेजारच्या खिडकीत आहे. पानं बाळाच्या बोटांसारखी गुबगुबीत, म्हणून त्यांनी नाव ठेवलं गुब्बी. त्या गेल्यावर गुब्बी माझ्याकडे आली, जसं घरातलं सगळंच माझ्याकडे आलं. वीसेक दिवसांनी मी कुंडी उचलायची. किलोच्या आसपास लागली की पाणी घालायचं, नाहीतर ठेवून द्यायची.

बाबा पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्याखालचे वॉल्व्ह लांब लोखंडी चावीने उघडायचे आणि ठरलेल्या वेळी बंद करायचे, ही त्यांची चौतीस वर्षांची नोकरी. एक टाकी, सहा लाइनी. टाकीजवळच्या घरांना धो धो पाणी आणि टोकाच्या घरांना नुसती हवा, असं होऊ नये म्हणून ते सायकलवरून प्रत्येक लाइनीच्या शेवटच्या घरी जायचे, तिथला नळ उघडून बघायचे आणि तिथे धार दिसली की मगच स्वतः पाणी प्यायचे. हे मी लग्न होऊन आल्यापासून शंभर वेळा ऐकलंय. सासूबाई म्हणायच्या, "शेवटच्या घराची काळजी सगळी, स्वतःच्या घराची नाही." बाबा हसायचे.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. पायांवर सूज, धाप. डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, दिवसाला पाणी एक लिटर, चहा वेगळा दोन कप, बस. आयुष्यभर गावाला पाणी पाजलेल्या माणसाला लिटरभर पाणी! पहिल्या आठवड्यात मी त्यांना स्वयंपाकघरात नळाला ओंजळ लावून पिताना पकडलं. त्या दिवशी माझ्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे. मी ओरडले. "बाबा, मी दिवसभर तिथे उभी राहून मरायचं आणि इथे तुम्ही असं करायचं? पुन्हा नळाला हात लावायचा नाही. शब्द द्या मला."

त्यांनी ओले हात लेंग्याला पुसले. "दिला शब्द," म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी मी लिटरची बाटली भरते, त्यांच्या उशाशी ठेवते आणि कामावर जाते. संध्याकाळी बाटली रिकामी. मी विचारते, "पुरलं?" ते म्हणतात, "पुरलं." आमचं दोघांचं संभाषण बरेचदा एवढंच. मला त्याहून जास्त बोलायचा जोर नसतो.

सूज उतरली, धाप कमी झाली. मी म्हटलं, सुटले. आणि गेल्या महिन्यात बाबा उठता उठता चक्कर येऊन पडले. आठ दिवसांनी पुन्हा पडले, या वेळी कपाळावर टेंगूळ. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली.

"शरीर कोरडं पडलंय यांचं. पाणी देताय ना?"

"एक लिटर. मोजून."

"सगळं पितात?"

"बाटली रिकामी असते, डॉक्टर."

"मग रिपोर्ट असा यायला नको," ते म्हणाले. गोळी अर्धी केली आणि बजावलं की पुन्हा पडले तर खुब्याचं हाड जाईल, मग पलंगावरून उठणं कठीण.

त्या संध्याकाळी नणंदेला फोन केला. ताई स्वभावाने वाईट नाही, पण तिचं प्रेम हुकूम सोडल्यासारखं येतं. "वहिनी, तुझ्याच्याने होत नाहीये. तू दिवसभर बाहेर. रविवारी येते आणि बाबांना घेऊन जाते. आमच्याकडे दिवसभराची बाई ठेवू. आईचं झाडही बांधून ठेव, त्यांना करमेल."

नाही म्हणायला हवं होतं. हे घर सोडायचं म्हटलं की बाबांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत होतं. सासूबाईंच्या आजारपणातही ते एक दिवस बाहेर राहिले नव्हते. पण मी म्हटलं, "बरं." आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. सकाळी बाटली नाही, गोळ्या नाहीत, जिना चढताना आज काय बघायला मिळणार हा धसका नाही. नुसतं येऊन पडायचं. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. पण लाज वाटायलाही अंगात त्राण लागतं, तेव्हा मी झोपले.

बाबांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन सदरे घडी करून पलंगाच्या कडेला ठेवलेले दिसले. 

शनिवारी मला अर्धा दिवस. येताना एक मजबूत खोकं आणि कागदाचे बोळे घेऊन आले. बाबा पलंगावर बसून मी काय करतेय ते बघत होते. गुब्बीची तब्येत बरी नव्हती. खालची पानं पिवळी पडून पाण्याच्या फुग्यांसारखी झाली होती, धक्का लागला की गळत होती. हे मला आठवडाभर दिसत होतं. बघू, बघू, म्हणत मी रोज पुढे जात होते.

खोक्यात ठेवायला मी कुंडी उचलली. आणि तशीच उभी राहिले.

एक किलो सहाशे.

मी शेवटचं पाणी घालून सव्वा महिना झाला होता; बाबांच्या पडण्याच्या गडबडीत मध्ये कुंडी उचललीच नव्हती. कुंडी किलोची असायला हवी होती. मी ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. माझे हात इतकं चुकत नाहीत. बोट खुपसलं तर नखापासून मुळापर्यंत गार चिखल, आणि नाकात कुजका वास.

मी आधी कुंडीकडे बघितलं, मग उशाशी ठेवलेल्या बाटलीकडे. दुपारचे दोन वाजले होते आणि बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती. बाबांचे ओठ मात्र सुकून पांढरे पडलेले.

"बाबा, हिला पाणी कोण घालतं?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखं.

"मी," म्हणाले.

"या बाटलीतलं?"

"दुसरं कुठलं घालणार? नळाला हात लावणार नाही असा शब्द दिलाय ना तुला."

 ते आपणहून सांगायला लागले, पूर्वी साहेबाला सांगत असतील तसे, हिशेबाने. "तू दमून येतेस. मी म्हटलं, निदान हे एक काम तरी तुझ्या डोक्यावरून उतरवू. पहिल्यांदा रोज अर्धी वाटी घालत होतो. मग पानं गळायला लागली. मला वाटलं, टोकाला पाणी पोचत नाहीये. म्हणून वाढवत नेलं. आता अर्धं तिला, अर्धं मला. टाकी एक आणि लाइनी दोन, तर काय करणार माणूस?"

"आणि ताटलीत साचतं ते?"

"ते परत वरून घालतो. पाणी वाया घालवायचं नाही."

"तुम्हाला तहान लागत नाही?"

"लागते की. पण आधी शेवटचं घर."

मी तिथेच जमिनीवर बसले. रडू येत होतं आणि राग येत होता, त्यांचाही आणि माझाही. माझाच जास्त. महिनाभर मी बाटली रिकामी आहे एवढंच बघत होते. पाणी कुणाच्या पोटात गेलं ते बघितलं नाही. चार शब्द जास्त बोलले असते तर ते टेंगूळ आलं नसतं.

"बाबा, हिला पाणी कमी नाही पडलं. जास्त झालंय. मुळं कुजलीत."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मी मारली तिला?" हा प्रश्न त्यांनी इतक्या हळू विचारला की मी लगेच उठले.

स्वयंपाकघरातून सुरी आणली. कुंडी उपडी करून झाड बाहेर काढलं. खालचा अर्धा दांडा काळा आणि लिबलिबीत. वर, आतून हिरवा दिसेपर्यंत मी कापत गेले. शेवटी हातात राहिला अंगठ्याएवढा शेंडा, सात पानांचा. रोपवालीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "आठवडाभर उघड्यावर वाळू दे. पाण्याचा थेंब दाखवू नकोस. जखम सुकली की कोरड्या मातीत लाव. जगते की नाही ते मग तिचं तिने ठरवायचं." मी शेंडा वर्तमानपत्रावर खिडकीत ठेवला. बाबा त्याच्याकडे टक लावून बघत होते.

तेवढ्यात ताईचा फोन. "काय वहिनी, बांधून झालं का सगळं?"

पलंगाच्या कडेला ते दोन सदरे होते. मी दमलेलीच होते, उद्याही दमलेलीच असणार होते, त्यात काही फरक पडणार नव्हता. "नाही बांधलं," मी म्हटलं. "पाणी मोजण्यात माझीच चूक झाली होती. तू उद्या ये, जेवायलाच ये. पण बाबा कुठे जाणार नाहीत. बाई ठेवायची ना, ती इथे दिवसा ठेवू, आपण दोघी बघू कसं जमतं ते." तिकडून बरंच बोलणं आलं. मी ते निम्मं ऐकलं.

फोन ठेवला आणि बाबांना म्हटलं, "तो शब्द मी परत घेतला. नळाला हात लावा. लिटरभराचं तुमचं तुम्ही मोजा."

ते उठले. मी धरायला गेले तर हातानेच थांबवलं. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेले. नळ उघडल्याचा आवाज आला, सावकाश, पाव पाव फेरा. एकदम उघडला तर पाइपला धक्का बसतो, असं ते नेहमी सांगतात. मी मनात म्हटलं, पिऊ देत, आज पोटभर पिऊ देत, आजच्या दिवस मी मोजणार नाही.

ते पेला घेऊन बाहेर आले. काठोकाठ भरलेला, एक थेंब न सांडलेला. पलंगाकडे गेले नाहीत. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि पेला माझ्यापुढे धरला.

"घे," म्हणाले. "सकाळपासून उभी आहेस."

मी कामावरून आल्यावर कुणी माझ्या हातात पाणी दिल्याला दीड वर्ष झालं होतं. सासूबाई द्यायच्या.

"आधी तुम्ही प्या, बाबा."

त्यांनी मान हलवली. पेला तसाच धरून उभे राहिले. मी पाणी प्यायले. सगळं प्यायले. ते रिकामा पेला घेऊन परत नळाकडे गेले, आणि मग प्यायले.