दहा वर्षं चालेल असा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या घरात नव्या वस्तूला आधी सासुरवास असायचा. इस्त्री असो की मिक्सर, आल्या दिवशी तो ती उलटी करून तिचे स्क्रू शोधायचा, आणि सापडले नाहीत तर तोंड वाकडं करायचा. ज्याला स्क्रू नाही त्याला आयुष्य नाही, हे त्याचं ठाम मत. घरातला पंखा त्याच्या लग्नाआधीचा होता आणि मुकाट फिरत होता. बायको म्हणायची, "मी एवढी टिकले कशी कोण जाणे, मला तर एकही स्क्रू नाही." तो म्हणायचा, "एक आहे की. ढिला." या विनोदावर दोघं कितीतरी वर्षं हसत आली होती. मग तिचा रिपोर्ट आला, आणि त्यानंतर तो विनोद घरात कोणी केला नाही.

ती घरी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची. कानाला हेडफोन, त्यात कुणीतरी डॉक्टर घाईघाईत बोलतोय, आणि हिची बोटं त्याच्या बरोबरीने चालली आहेत. डॉक्टर पुटपुटला किंवा मध्येच खोकला, की उजवं बोट वरच्या ओळीतल्या एका बटणावर जायचं आणि आवाज चार शब्द मागे यायचा. त्या बटणावर तिने नेलपॉलिशचा थेंब टाकून वाळवला होता, न बघता बोटाला सापडावं म्हणून. एकदा एका बड्या सर्जनने डाव्या मूत्रपिंडाऐवजी उजवं म्हटलं होतं. हिने वरचा मजकूर पुन्हा वाचला आणि थेट फोन लावला, "डॉक्टर, इथे काहीतरी जुळत नाही." ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. तिने याची कुठे वाच्यता केली नाही. मिस्त्रीने मात्र ही गोष्ट तो ज्या ज्या इमारतीत लिफ्ट बघायचा तिथल्या प्रत्येक वॉचमनला सांगितली होती.

मेंदू आक्रसल्याच्या खुणा. ही ओळ तिने परक्या माणसांसाठी इतक्यांदा टाइप केली होती, की स्वतःच्या रिपोर्टात ती वाचताना तिने आधी विरामचिन्हं तपासली. "स्वल्पविराम चुकलाय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन समजावलं होतं. नवीन शिकणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार, पण हातांना जे येतं ते बरंच टिकतं. जमेल तितके दिवस त्यांना त्यांच्या कामात राहू द्या. मिस्त्रीने ते घट्ट धरून ठेवलं. ती टेबलाशी हेडफोन लावून बसली आहे तोवर ती आपलीच आहे, एवढा साधा हिशेब त्याने मनाशी केला. आणि नेमका तेव्हाच तिचा लॅपटॉप मरायला टेकला. बिजागरी त्याने आधीच रिवेट मारून धरून ठेवली होती. आता तो वाक्याच्या मध्येच बंद पडायला लागला, आणि दुरुस्तीवाल्याने उघडून बघून मान हलवली.

जन्मभर जुनं दुरुस्त करत आलेला माणूस नवं घ्यायला निघाला, तो असा.

दुकान मोठं होतं, थंडगार. टायवाल्या विक्रेत्याने हसून विचारलं, "काय बजेट आहे काका?"

"बजेटचं नंतर बघू. दहा वर्षं चालेल असा दाखवा."

"दहा?" विक्रेत्याचं हसू जरा लांबलं. "काका, दहा वर्षं आजकाल माणूस एका नोकरीत टिकत नाही."

"मी टिकलोय. दाखवा."

मग मिस्त्रीने त्याची जी उलटतपासणी घेतली ती ऐकायला शेजारच्या काउंटरवरची माणसं थांबली. बॅटरी बदलता येते का? मेमरी नंतर वाढवता येते, की चिकटवूनच टाकली आहे? बिजागरी धातूची की धातूसारख्या रंगाची? कंपनी किती वर्षं अपडेट देणार, आणि ते तुम्ही सांगताय की कागदावर आहे? विक्रेत्याला घाम फुटला, पण एक मशीन शेवटी त्या सगळ्यातून पार पडलं. राखाडी, भक्कम, आणि खालच्या बाजूला सगळे स्क्रू उघड्यावर. मिस्त्रीने त्यांवरून अंगठा फिरवला. खूप दिवसांनी त्याला बरं वाटलं.

बरोबर आलेली बायको शेजारी नव्हती. दुकानाच्या मागच्या बाजूला वापरलेल्या लॅपटॉपचं एक टेबल होतं, तिथे ती खुर्ची ओढून बसली होती. तिच्या पुढ्यात अगदी तिच्यासारखाच लॅपटॉप होता, त्याच कंपनीचा, तेच मॉडेल, फक्त धडधाकट. तिने डोळे मिटले होते आणि बोटं बटणांवर ठेवली होती.

"अहो, हा बघा," ती डोळे न उघडता म्हणाली. "हाच घ्या. सगळं जागच्या जागी आहे."

विक्रेता मागून आलाच. "काकू, तो जुना पीस आहे. फार तर दोन वर्षं, तीन म्हणजे नशीब."

"तेवढा पुरे," ती म्हणाली. "त्यापुढे मला लागणार नाही."

ती हे अगदी सहज बोलली, भाजी किती घ्यायची हे सांगावं तसं. मिस्त्रीच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं. परक्या माणसासमोर, या थंडगार दुकानात, तिने स्वतःचा हिशेब असा उरकून टाकावा याचा त्याला संताप आला. आणि संतापापेक्षाही भीती वाटली.

"काहीतरी बोलू नकोस. दहा वर्षं चालेल असाच घ्यायचा," तो म्हणाला आणि काउंटरकडे वळला. दहा वर्षांचं यंत्र घरात आणलं की ते वापरणाऱ्या माणसालाही दहा वर्षं थांबावं लागेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. एरवी शहाणा माणूस, पण भीतीने भल्याभल्यांची मती जाते.

सोबत आणलेल्या जुन्या लॅपटॉपमधलं सगळं विक्रेत्याने नव्यात उतरवून घेतलं आणि विचारलं, "जुना ठेवून जाता का? बदल्यात थोडी सूट मिळेल." मिस्त्री हो म्हणाला. बायको तेव्हाही मागच्या टेबलाशीच बसलेली होती. तिला विचारायला पंधरा पावलंसुद्धा जावं लागलं नसतं.

घरी आल्यावर तिने पिशवीत हात घातला. "माझा कुठाय?"

"दिला त्यांना. मेलेला तर होता."

ती पिशवीची घडी घालत राहिली.

नवा लॅपटॉप उत्तम होता, त्यात वादच नाही. फक्त त्याच्या वरच्या ओळीतली बटणं चिंचोळी आणि सपाट होती, एकासारखी एक. तिचं बोट सवयीने वर गेलं की डॉक्टरचा आवाज मागे यायच्या ऐवजी पडदा अंधारायचा. मग ती दचकायची, पडदा उजळायला शोधाशोध करायची, आणि तोवर डॉक्टर तीन वाक्यं पुढे गेलेला असायचा. मिस्त्रीने दुकानात फोन करून सेटिंग बदलून घेतलं. तरी बोट शेजारच्याच बटणावर पडायचं. त्याने नेलपॉलिश लावू का विचारलं. ती म्हणाली, थेंब कुठे लावायचा ते ठरवायला आधी बोटाला जागा माहीत हवी.

"सवय होईल गं."

"सवय म्हणजे काल शिकलेलं आज आठवणं," ती म्हणाली. "तेच तर गेलंय माझं, मिस्त्री."

तो रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून शिकवायचा. पहिल्यांदा हळुवार, मग आवाज चढवून, मग आवाज चढवल्याबद्दल माफी मागून. "पालथ्या घड्यावर पाणी ओतताय," ती हसून म्हणायची, आणि हसताना तिचे डोळे त्याची माफी मागायचे. ते त्याला सहन व्हायचं नाही. एक रिपोर्ट परत आला, मग आणखी एक. मग एका रिपोर्टात तिने डावा गुडघा उजवा केला. कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशी तिने स्वतःच फोन करून सांगितलं, यापुढे मला काम पाठवू नका. लॅपटॉप फडक्याने पुसला, खोक्यात घातला आणि खोकं कपाटावर ठेवलं.

त्या आठवड्यात मिस्त्रीला एका इमारतीतले आजोबा आठवले. तिथल्या लिफ्टची जुनी उठावाची बटणं काढून त्याने चकचकीत सपाट काचेची पाटी बसवली होती. आजोबांना दिसत नव्हतं. ते बोटाने चाचपून मजला ओळखायचे. पाटी बसल्यावर त्यांनी खाली येणंच सोडलं. तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, म्हातारा हट्टी आहे, सवय होईल.

काम सुटलं आणि ती भराभर ओसरत गेली. आधी गॅस विसरली, मग वार, मग बहिणीचं नाव. वर्षभराने ती दिवसदिवस टेबलाशी बसून असायची आणि समोर काही नसायचं. फक्त तिची बोटं लाकडावर हलत असायची. मिस्त्री एकदा चहा घेऊन आला आणि बघत राहिला. बोटं चाळा करत नव्हती, टाइप करत होती. मध्येच उजवं बोट वर जायचं, काहीतरी शोधायचं, न सापडून परत यायचं.

तो चहा तसाच ठेवून दुकानात गेला. मागच्या टेबलावरचा लॅपटॉप तेव्हाच विकला गेला होता. तिचा स्वतःचा भंगारात गेला होता. बैल गेला आणि झोपा केला, असं स्वतःलाच बोलत तो दुरुस्तीच्या गाळ्यांच्या गल्लीत शिरला आणि एकेका गाळ्यात विचारत फिरला. शेवटी एकाने सुट्या भागांच्या ढिगाखालून तेच मॉडेल ओढून काढलं.

"मामा, याच्यात काही राम नाही. वर्षभर चालला तरी खूप."

"चालेल," मिस्त्री म्हणाला.

वाटेत त्याने नेलपॉलिशची बाटली घेतली. घरी येऊन ती उघडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की थेंब कोणत्या बटणावर होता हे त्याला माहीत नाही. या बाईच्या शेजारी जन्म काढला, घरातल्या प्रत्येक वस्तूचा स्क्रू न् स्क्रू त्याला पाठ, आणि हे त्याने कधी बघितलं नव्हतं. तिला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि खाली वाकून तिच्या हातांकडे पाहत बसला.

हात बराच वेळ मांडीवरच होते. मग एक वर आला, मग दुसरा. बोटं बटणांवर टेकली, आणि तिची पाठ आपोआप ताठ झाली. थोड्या वेळाने उजवं बोट वरच्या ओळीत गेलं, एका बटणावर घुटमळलं, तिथली गुळगुळीत जागा पुन्हा पुन्हा घासत राहिलं. मिस्त्रीने तो हात हळूच उचलून बाजूला धरला आणि तिथे थेंब टाकला. वाळेपर्यंत तो हात त्याने सोडला नाही.

मग तिने हेडफोन मागितले. म्हणजे कानांकडे बोट दाखवलं. त्याने लावून दिले. त्यांची वायर कुठेच जोडलेली नव्हती.

"बोला, डॉक्टर," ती म्हणाली.

मिस्त्रीने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"बोला ना. रुग्ण?"

"महिला," तो म्हणाला. घसा खाकरून त्याने तिचं वय सांगितलं.

"सोबत कोण आलंय?"

"नवरा. नवऱ्याने आणलंय."

बोटं धावली. वर्षभरात घरात न आलेला तो आवाज, बटणांचा तो बारीक, एकसारखा आवाज, पुन्हा आला. मिस्त्रीला वाटलं, हा थांबू नये एवढंच. त्यासाठी काय वाटेल ते सांगावं.

"तक्रार काही नाही," तो म्हणाला. "प्रकृती ठणठणीत. स्मरणशक्ती उत्तम. सगळं आठवतं तिला."

तिने टाइप केलं. पडद्यावर अक्षर न् अक्षर बरोबर उमटलं. मग तिचं बोट वर गेलं, थेंब त्याला सापडला, तिने तो दाबला. काही मागे आलं नाही. तिने पुन्हा दाबला. कपाळाला आठी पडली आणि तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"डॉक्टर, इथे काहीतरी जुळत नाही."

तिचा तोच जुना आवाज होता, अदबीचा आणि ठाम.

"वर लिहिलंय, नवऱ्याने आणलंय. ठणठणीत बाईला नवरा इथे कशाला आणेल? तुम्ही पुन्हा एकदा बघून सांगता का? चूक राहिली तर त्या बाईच्या जिवावर बेतेल."

मिस्त्री खाली बसला. तिच्या खुर्चीचा पाय त्याने धरला होता.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "चूक झाली. ते खोडा."

तिने खोडलं. "मग काय लिहू?"

"लिहा." त्याला पुढचं बोलायला वेळ लागला. ती बोटं टेकवून शांतपणे थांबली होती. डॉक्टर असे अडतात, तिला ठाऊक होतं. "लिहा, रुग्णाला काय हवं ते तिला नीट कळत होतं. तिने ते मागितलं. नवऱ्याने ऐकलं नाही."

ती सगळं टाइप करून थांबली. मग ओठ हलवत वरपासून खालपर्यंत वाचलं, एक स्वल्पविराम सुधारला आणि मान डोलावली.

"हं, आता जुळलं," ती म्हणाली आणि हेडफोन पुन्हा कानावर सरकवला. "पुढे बोला."